दुकान हलते तेव्हा गिऱ्हाईक कोठे जाते?

छोट्या धंद्याने आहे त्याच वस्तीत पाय रोवून राहावे की दुसरीकडे जम बसवावा, हा प्रश्न बहुतेक वेळा भाड्यावरून उभा राहतो आणि भाड्याच्या आकड्यांवरच निकालात निघतो. भाडे मोजता येते म्हणून ते आधी मोजले जाते. आपले गिऱ्हाईक नेमके कशाला बांधले गेले आहे, जागेला, माणसाला, मालाला की निव्वळ सवयीला, हे मोजणे कष्टाचे असल्यामुळे ते राहून जाते, आणि दुकान हलवल्यानंतर जे नुकसान अनपेक्षित वाटते ते बहुधा या न मोजलेल्या गोष्टीचेच असते.

या बांधिलकीला व्यापारी बोलीत गुडविल आणि हिशेबाच्या मराठी पुस्तकांत ख्याती किंवा नावलौकिक असे म्हणतात. दुकानातील कपाटे, शिल्लक माल, येणी-देणी यांचा हिशेब करून जी किंमत निघते तिच्यापेक्षा जास्त पैसे मोजून कोणी ते दुकान चालू स्थितीत विकत घेत असेल, तर ती वरची रक्कम ख्यातीची असते. स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून मांडायची नाही असा हिशेबशास्त्राचा नियम असल्याने धंदा विकला जाईपर्यंत ती वहीत कोठेच उमटत नाही, आणि वहीत नसलेली गोष्ट निर्णयाच्या वेळीही डोळ्यांआड राहते. इंग्लंडमध्ये १८१० साली क्रटवेल विरुद्ध लाय या खटल्यात, मालवाहू गाड्यांच्या एका विकल्या गेलेल्या धंद्याबद्दल निर्णय देताना, लॉर्ड एल्डन यांनी ख्यातीची अगदी आटोपशीर व्याख्या केली होती: जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येत राहण्याची शक्यता म्हणजे ख्याती. दुकानाची ओळख मुख्यतः त्याच्या जागेवरून पटत असे अशा काळातली ही व्याख्या आहे, आणि तिच्यात दुकानदार जवळजवळ नाहीच. जागा आहे आणि तिकडे वळणारी पावले आहेत.

पुढे व्यवहार गुंतागुंतीचे होत गेले तशी ही व्याख्या अपुरी पडू लागली. १९३४ साली व्हाइटमन स्मिथ मोटर कंपनी विरुद्ध चॅप्लिन या इंग्लंडमधल्याच खटल्यात, भाडेकरूने जागा सोडताना त्याच्या धंद्याच्या ख्यातीपैकी किती भाग जागेला चिकटून मागे राहतो, हा प्रश्न न्यायालयापुढे आला, आणि न्यायमूर्ती स्क्रटन यांच्या निकालपत्रात गिऱ्हाइकांची प्राण्यांवरून केलेली वर्गवारी मांडली गेली. मांजर घराला धरून असते, घरातली माणसे गेली तरी ते त्याच घरात राहते. तसे काही गिऱ्हाईक दुकान कोणीही चालवो, त्याच जागी येत राहते. कुत्रा माणसाला धरून असतो. तसे काही गिऱ्हाईक दुकानदाराच्या मागोमाग नव्या जागी जाते. उंदराला घराचीही ओढ नसते आणि माणसाचीही नसते, तो मिळेल तेथे खातो. असे गिऱ्हाईक आज येथे तर उद्या भलतीकडेच दिसते. त्याच खटल्यात न्यायमूर्ती मॉम यांनी चौथा प्राणी जोडला, तो ससा. तो येतो याचे कारण एवढेच की त्याचे बीळ जवळ आहे.

ही वर्गवारी मुंबईलाही येऊन पोहोचली. चर्चगेट स्थानकासमोरच्या इरॉस चित्रपटगृहाच्या ख्यातीची किंमत किती धरावी, असा वाद दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जादा नफ्यावरील कराच्या संदर्भात उपस्थित झाला होता, आणि कंबाटा आणि कंपनीचा तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१च्या विधिवृत्तांत नोंदलेल्या त्या निकालात मांजर, कुत्रा आणि उंदीर यांचा उल्लेख आहे, आणि न्यायालयाने असे स्पष्ट केले की ख्याती एकट्या जागेतून निपजत नाही. ठिकाण, सेवा, धंद्याची प्रतिष्ठा, चालवणाऱ्यांचा प्रामाणिकपणा, स्पर्धेचा अभाव अशा अनेक गोष्टींच्या मिलाफातून ती तयार होते आणि कोणत्या धंद्यात कशाचा वाटा किती, हे त्या त्या धंद्याकडे पाहूनच ठरवावे लागते. कर आकारणीच्या वादातून निघालेली ही मांडणी किराणा दुकानदाराला, शिंप्याला, सराफाला किंवा छापखानेवाल्याला जशीच्या तशी उपयोगी पडणारी आहे, कारण स्थलांतराचा प्रश्न म्हणजे अखेरीस आपल्या गिऱ्हाइकांत मांजरे किती आणि कुत्रे किती हाच प्रश्न आहे.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे गिऱ्हाईक मुख्यतः सशाचे असते. दूध, साखर, काडेपेटी यांसाठी कोणी दोन चौक ओलांडत नाही, त्यामुळे असे दुकान अर्धा किलोमीटर हलले तरी ते जवळपास नवे दुकान ठरते. मात्र ज्यांची महिन्याची उधारी वहीत चालते, ज्यांच्या घरी यादी पाठवली की सामान पोहोचते, अशी घरे दुकानदाराच्या मागे येतात, आणि उधारी हा जो व्यवहार सहसा केवळ जोखीम म्हणून पाहिला जातो तो येथे ख्यातीचा सर्वांत टिकाऊ भाग निघतो. रेल्वे स्थानकाच्या जिन्याखालच्या वडापावच्या गाडीचे गिऱ्हाईक बहुतांशी उंदराचे असते. तेथे चव कितीही चांगली असली तरी गर्दीचा ओघ हेच भांडवल असते. उलट अंगावर कपडा बरोबर बसवणारा शिंपी, मोडीचा भाव चोख लावणारा सराफ किंवा जुने मशीन आवाजावरून ओळखणारा मेकॅनिक यांच्याकडे लोक माणूस बघून जातात, आणि पत्ता बदलल्याचे वेळेवर कळवले तर त्यातले बरेचसे लोक नव्या पत्त्यावर येतात.

हार्वर्डमधील मेल्विन कोपलँड यांनी १९२३ साली वस्तूंची जी विभागणी केली तीही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांच्या मते काही वस्तू सोयीच्या असतात, म्हणजे त्या जवळ मिळतील तेथून घेतल्या जातात. काही पारखून घ्यायच्या असतात, म्हणजे चार दुकाने फिरून, पोत आणि भाव ताडून घेतल्या जातात. आणि काही खास असतात, ज्यांच्यासाठी गिऱ्हाईक लांबवरून मुद्दाम येते. पारखून घ्यायच्या वस्तूंचे दुकान एकटे कधी फुलत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेले कुटुंब ज्या रस्त्यावर साड्यांची वीस दुकाने आहेत त्याच रस्त्यावर जाते, आणि म्हणून पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर साड्या, अप्पा बळवंत चौकात पुस्तके आणि तुळशीबागेत संसारोपयोगी जिन्नस एकाला एक लागून विकले जातात. शेजारचे दुकान स्पर्धक असते हे खरे, पण गिऱ्हाइकाला त्या रस्त्यावर आणण्याचे निम्मे काम तेच करत असते, आणि रस्ता सोडून गेलेल्या दुकानाला हे निम्मे काम स्वतःच्या खर्चाने करावे लागते.

समूहाने राहण्याचा फायदा विक्रीपुरता मर्यादित नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, एकाच प्रकारचे कारागीर एका परिसरात वसले की कसबी हात, पूरक धंदे आणि धंद्यातील खाचाखोचांचे ज्ञान हे सर्व त्या परिसरात आपोआप उपलब्ध होते, असे दाखवून दिले होते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हे आजही कानांनी ऐकता येते. पेशवाईच्या काळापासून नांदणाऱ्या या आळीत तांब्याच्या पत्र्याला आकार देऊन झाला की त्यावर मठारकाम करतात, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने भांड्याच्या सबंध अंगावर एकाशेजारी एक असे शेकडो ठोके मारतात. प्रत्येक ठोक्याने एक बारीक चकचकीत खळगी पडते, आणि ठोकला गेल्याने मऊ तांब्याला घट्टपणा येऊन पातळ पत्र्याचे भांडेसुद्धा चेपत नाही. ठोका जरा तिरका बसला की खळग्यांची ओळ मोडते, आणि ती मोडली हे भांड्यावर उजेड पडताच शेजारी बसलेल्याला दिसते. शिकाऊ पोराचा हात बसतो तो अशा शेजारात. शिवाय दिवसभर चालणारा हा ठोक्यांचा आवाज ज्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या आपला मानला आहे तेथेच तो चालू शकतो. नव्या गृहसंकुलाच्या तळमजल्यावर गाळा घेतला तर पहिल्याच आठवड्यात तक्रार होईल. जागेबरोबर मिळालेली ही शेजाऱ्यांची संमती कोणत्याही भाडेकरारात लिहिलेली नसते आणि विकतही घेता येत नाही.

समूहातून एकट्याने बाहेर पडणे महाग पडते, तर मग सगळा समूहच हलला तर काय होते, याचे उत्तर हिऱ्याच्या बाजाराने अलीकडच्या काळात दोनदा दिले आहे. मुंबईचा हिरेबाजार अनेक दशके ऑपेरा हाउसच्या आसपासच्या इमारतींत आणि त्यांच्या खालच्या रस्त्यांवर चालत असे. तेथील जागा अपुऱ्या आणि रस्ते तुंबलेले होते, म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलात सुमारे २० एकरांवर भारत डायमंड बोर्स उभारण्यात आला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तो सुरू झाला. प्रशस्त, सुरक्षित आणि सुमारे २,५०० कार्यालयांची सोय असलेले हे संकुल तयार असूनही सुरुवातीला अनेक व्यापारी जुन्या बाजारातच रेंगाळले होते. त्याचे कारण या धंद्याच्या रीतीत आहे. हिरे कागदाच्या घडीदार पुडीत बांधलेले असतात. दलाल ती पुडी एका पेढीवरून घेतो, दुसऱ्या पेढीवर दाखवतो, तेथे भाव जमला नाही तर तिसऱ्या पेढीवर नेतो, आणि हा माल त्याला जांगड म्हणून, म्हणजे पसंत पडला तर पैसे, नाहीतर माल परत, अशा बोलीवर विश्वासाने दिलेला असतो. एका दिवसात एक पुडी पाच-सहा दारे फिरते. ही दारे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतील तरच हा व्यवहार शक्य असतो, आणि निम्मी दारे ऑपेरा हाउसला व निम्मी वांद्र्याला अशी अवस्था झाली तर बाजार दोन्हीकडे लुळा पडतो. त्यामुळे प्रत्येक जण इतरांच्या हलण्याची वाट पाहत बसतो. १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजार, दादर आणि ऑपेरा हाउस येथे बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर सुरक्षिततेच्या चिंतेने बोर्सकडे जाण्याची गती वाढली, आणि एकदा पुरेशा पेढ्या तिकडे गेल्यावर उरलेल्यांना मागे राहणेच महाग पडू लागले.

सुरतेची कथा वेगळ्या वळणाने गेली. तेथील सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले. ६७ लाख चौरस फुटांच्या आणि ४,०००हून अधिक कार्यालयांच्या या वास्तूची गणना जगातील सर्वांत मोठ्या कार्यालयीन इमारतींत होते. परंतु सुरतेतील पैलूदार हिऱ्यांचा रोजचा व्यवहार महिधरपुरा आणि वराछा येथील रस्त्यांवर, दुचाकीच्या आसनावर पुडी उलगडून, उभ्याउभ्या होत आला आहे. नवी वास्तू शहराच्या कडेला आहे. आणि हिऱ्यांच्या जागतिक मागणीत आलेली मंदी नेमकी त्याच काळातली आहे. परिणामी मुंबईतून तेथे जाण्याचा विचार करणाऱ्यांचे पाऊल अडखळले आणि पुष्कळ कार्यालये उघडण्याची वाट पाहत राहिली. मुंबई आणि सुरत या दोन्ही ठिकाणी नवी जागा जुन्या जागेपेक्षा निर्विवाद चांगली होती, तरी बाजार हलण्यासाठी तेवढे पुरेसे ठरले नाही. आपण जाऊ तेव्हा ज्यांच्याशी आपला व्यवहार आहे तेही येतील, ही खात्री त्यासाठी लागते.

ही खात्री सरकार सक्तीने देऊ शकते. मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत वाशी येथे हलवण्यात आले. कांदा-बटाट्याचा बाजार आधी गेला आणि क्रॉफर्ड मार्केट परिसरातील फळांचा घाऊक व्यापार १९९६ साली गेला. बाजार समितीच्या कायद्याने जुन्या जागी घाऊक विक्री करण्यास वावच उरला नाही, त्यामुळे आडते, दलाल, वाहतूकदार आणि माथाडी कामगार या सर्वांनाच वाशीला जावे लागले. ज्या व्यापाऱ्यांनी या स्थलांतराला कडाडून विरोध केला त्यांचा धंदा तेथे टिकला, याचे मोठे कारण हे की त्यांच्याबरोबर त्यांचे गिऱ्हाईक आणि हमालही त्याच सुमारास हलले. एकट्यादुकट्या छोट्या दुकानदाराच्या मागे अशी सक्ती नसते, आणि म्हणून त्याचे स्थलांतर घाऊक व्यापाऱ्याच्या स्थलांतराहून कितीतरी अधिक धोक्याचे असते.

येथपर्यंतच्या विवेचनावरून राहणे सुरक्षित आणि जाणे धोक्याचे असा समज होण्याचा संभव आहे, परंतु राहण्यातही एक धोका आहे आणि तो हळूहळू येत असल्यामुळे लक्षात येत नाही. दुकान जागचे हलत नाही तेव्हा वस्ती हलत असते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा लालबाग-परळच्या परिसरातील खानावळी, चहाची दुकाने, लॉन्ड्र्या आणि सायकलींची दुकाने आपापल्या जागीच होती. त्यांच्या दारावरून तीन पाळ्यांना जाणारी माणसे मात्र नाहीशी झाली. या भागात घरच्या चुलीवर गिरणी कामगारांसाठी जेवण रांधून देणाऱ्या बायकांची मोठी संख्या होती. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. गिरण्या थंडावल्यावर महिन्याचे खाते असलेला खाणावळीच नाहीसा झाला, आणि अशा धंद्यांना तगायचे तर डबे, कार्यालयांतील जेवण, समारंभांचे खाद्यपदार्थ असे नवे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. जागा तीच ठेवून धंदा बदलणे हाही स्थलांतराचाच एक प्रकार आहे, आणि छोट्या धंद्यांच्या बाबतीत तो अधिक विचारात घेतला जायला हवा.

गिरगावातील कुटुंबे बोरिवली-डोंबिवलीला गेली, पुण्याच्या पेठांतील पुढची पिढी कोथरूडला आणि सिंहगड रस्त्याला गेली, आणि त्यांच्याबरोबर फराळाची, पूजासाहित्याची, लोणच्या-पापडांची मागणीही गेली. यातला सशाच्या जातीचा ग्राहक पहिल्या महिन्यातच तुटतो. मांजराच्या जातीचा दिवाळी-गणपतीला, लग्नसराईला जुन्या दुकानी येत राहतो आणि त्याच्या येण्यामुळे सारे पूर्वीसारखे चालू आहे असा भास दुकानदाराला होतो. पण त्याची मुले नव्या वस्तीत वाढलेली असतात आणि त्यांना ती वाट ओळखीची नसते. पुण्यातील दुकानांवर दिसणारी ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी पुष्कळदा थट्टेचा विषय होते, पण तिच्यात एक गंभीर व्यापारी भूमिका आहे: मालाची जबाबदारी मालकाच्या नजरेखालच्या एका ठिकाणाची आहे आणि ती वाटून देता येत नाही. ही भूमिका पूर्वी खरीखुरी जमेची बाजू होती, कारण गावभर पसरलेल्या लोकांचे पेठेत रोजचे येणे-जाणे होते. ते येणे-जाणे उरले नाही तर पाटी खरी असूनही गल्ला घटतो.

जुन्या जागेला चिकटून राहण्याचे महाराष्ट्रात आणखी एक जबरदस्त कारण आहे, ते म्हणजे भाडेनियंत्रण. मुंबई प्रांताच्या १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने अनेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीशी बांधले, आणि त्यानंतरच्या, ३१ मार्च २०००पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. मूळ रक्कमच क्षुल्लक असल्याने ही वाढही क्षुल्लक राहिली. घरमालकाला एकरकमी मोठी रक्कम देऊन अशी जागा मिळवण्याची जी पद्धत पडली ती पागडी, आणि ती घेणे-देणे १९९९च्या कायद्याने वैध ठरवले. पागडीचा भाडेकरू महिन्याला काहीशे रुपये भाडे भरतो आणि आपली जागा जवळपास फुकट आहे असे समजतो. अर्थशास्त्र या ठिकाणी वैकल्पिक खर्चाची आठवण करून देते. एखादी गोष्ट जवळ ठेवण्यासाठी जो दुसरा लाभ सोडून द्यावा लागतो, तो त्या गोष्टीचा वैकल्पिक खर्च होय. पागडीचा हक्क घरमालकाला त्याचा रिवाजाचा हिस्सा देऊन दुसऱ्याच्या नावे करता येत असेल आणि त्यातून हाती येणाऱ्या रकमेवर महिन्याला ४०,००० रुपये व्याज मिळणार असेल, तर त्या दुकानाचे खरे भाडे ४०,००० रुपये अधिक ते काहीशे रुपये इतके आहे. हा आकडा समोर मांडून पाहिल्यावर जुने दुकान नफ्यात आहे की केवळ स्वस्त जागेच्या आधाराने उभे आहे, ते स्पष्ट होते. याच कायद्यातील आणखी एक तरतूद फारशी लक्षात घेतली जात नाही: वाजवी कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर ती खाली करून घेण्याचा दावा घरमालकाला लावता येतो, त्यामुळे नवे दुकान चालते का ते बघू आणि तोवर जुन्याला कुलूप लावून ठेवू, हा पुष्कळांच्या मनातला बेत जुनी जागाही घालवू शकतो.

आता हलण्याचा खर्च कसा वाढत जातो ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री ५ लाख रुपये आहे, मालावर २० टक्के सुटतात, आणि भाडे २५,००० रुपये आहे. नव्या वस्तीत भाडे ६०,००० रुपये पडणार आहे. वरवर पाहता प्रश्न महिन्याला ३५,००० रुपयांचा, म्हणजे १ लाख ७५ हजारांच्या जादा विक्रीचा दिसतो. परंतु नव्या जागी लाकूडकाम, वीज, पाटी यांना ६ लाख लागले, आणि गिऱ्हाईक जमेपर्यंतचे पहिले सहा महिने विक्री ४० टक्क्यांनी कमी राहिली, तर बुडालेला नफा २ लाख ४० हजार आणि त्या सहा महिन्यांचे जादा भाडे २ लाख १० हजार धरून एकूण बोजा १० लाख ५० हजारांवर जातो. तीन वर्षांत हिशेब बरोबरीला आणायचा झाला तर उरलेल्या ३० महिन्यांत दरमहा ३५,००० रुपये या बोज्यापोटी आणि ३५,००० रुपये जादा भाड्यापोटी असे ७०,००० रुपये अधिक सुटले पाहिजेत, म्हणजे विक्री ५ लाखांवरून साडेआठ लाखांवर गेली पाहिजे. आणि एवढे होऊनही दुकानदार, जुन्या जागी त्याची विक्री तशीच टिकली असती असे धरले तर, तेथे राहून जितका पुढे गेला असता तितकाच पुढे गेलेला असेल. या उदाहरणात अनामत रकमेचे व्याज आणि सोडून गेलेल्या जुन्या नोकराच्या जागी नवा तयार करण्याचा खर्च धरलेलाच नाही.

परवान्यांचा भाग त्या मानाने सोपा आहे. वस्तू व सेवा करासाठी मुख्य ठिकाण बदलल्याची सुधारणा १५ दिवसांत करावी लागते आणि नवा भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. मात्र औषधविक्रीचा परवाना त्या विशिष्ट जागेलाच दिलेला असतो, तो दुकानदाराबरोबर जात नाही, म्हणून औषधविक्रेत्याला नव्या गाळ्याचा परवाना हाती येईपर्यंत तेथे एक गोळीही विकता येत नाही.

गिऱ्हाईक मोजण्याचे साधन मात्र प्रत्येक दुकानात असतेच, ते म्हणजे एक वही. महिनाभर, सणासुदीचे दिवस वगळून, येणारा प्रत्येक जण कोणत्या भागातून आला, मुद्दाम आला की वाटेत होते म्हणून आला, आणि आल्यावर त्याने मालकाला किंवा नोकराला नावाने हाक मारली का, एवढ्या तीन गोष्टी रकमेसह टिपून ठेवल्या तर वर्गवारी आपोआप उलगडते. येथे डोकी न मोजता रक्कम मोजावी. चाळीस सशांची मिळून जितकी खरेदी होते तितकी लग्नाच्या याद्या घेऊन येणारी दोन कुटुंबे करत असतात, आणि ती दोन कुटुंबे वीस किलोमीटरवरून आलेली असली तर दुकान त्यांच्या दिशेने पाच किलोमीटर सरकल्याने त्यांची काहीच अडचण होणार नाही, उलट सोयच होईल. सर्वांत अधिक रक्कम गल्लीतल्या घरांतून येत असेल तर मात्र भाडे दीडपट होईपर्यंत जागा सोडण्यात शहाणपण नाही.

या वहीतून बहुतेकदा मिश्र चित्र निघते, आणि तेव्हा धंदा ही एकसंध वस्तू आहे हा समज बाजूला ठेवावा लागतो. दुकान, कोठी, कारखाना आणि हिशेबाची बैठक ही चार कामे पूर्वी एका छपराखाली होत, कारण निरोप पोहोचवायला माणूस धाडावा लागे. टेलिफोन आल्यापासून ती सक्ती उरलेली नाही. पेठेतल्या मिठाईच्या दुकानाला भट्टी शहराबाहेर नेऊन ओटा तेथेच ठेवता येतो, आणि मोकळ्या झालेल्या मागच्या खोलीत जादा माल मांडता येतो. पुस्तकविक्रेत्याला गोदाम उपनगरात आणि दर्शनी दुकान चौकात अशी विभागणी परवडते. तांबट आळीत ही विभागणी उलट्या दिशेने झाली आहे: हातोडी आळीत राहिली, आणि तिने घडवलेले हंडे, घंगाळी, दिवे आणि पाण्याच्या बाटल्या प्रदर्शनांतून, सजावटीच्या दुकानांतून आणि संगणकाच्या पडद्यावरून अशा घरांत जाऊ लागल्या, ज्यांनी कसबा पेठेचा रस्ता कधी पाहिलेला नाही. बोहरी आळीतून आणि रविवार पेठेतून येणारे गिऱ्हाईक कमी झाल्यावर ज्या कारागिरांनी आळी सोडली त्यांना मठारकामाला शेजारी मिळाला नाही. ज्यांनी माल बाहेर धाडला आणि ऐरण जागेवर ठेवली, त्यांच्या ओट्यावर दुपारच्या वेळी अजून ठोके ऐकू येतात.